आधी वायर काढून दाखवा, मग बिल मागा : जालना एमआयडीसीतले फोन आणि 'बॅकअप'चा बाजार

विषय थोडा तांत्रिक आहे, पोस्टही लांब आहे. पण एमआयडीसीत ज्यांचा कारखाना आहे, ज्यांचा भाऊ, मुलगा, जावई तिथं रात्रपाळीला जातो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या काही वर्षांत आपल्या एमआयडीसीतले जुने लँडलाइन फोन एकेक करून गेले. तांब्याची तार सडली, ती जोडायला लाइनमन मिळेना, एक्स्चेंजला दहा फोन केले तरी तक्रार तशीच. मग आला इंटरनेटवरचा फोन. तो चांगला आहे, माझं त्याच्याशी काही वैर नाही. एका वायरवर तीस एक्स्टेंशन चालतात, जालन्याचं ऑफिस आणि पुण्याचं ऑफिस एकाच सिस्टिमवर येतं, रेकॉर्डिंग मिळतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या फोनसोबत 'फेलओव्हर' नावाची जी वस्तू विकली जातेय, ती बहुतेक ठिकाणी अस्तित्वातच नाही. कोटेशनमध्ये आहे, बिलात आहे, जीएसटीसकट पैसे घेतलेत. पण भिंतीवर नाही आणि सिस्टिममध्येही नाही.

आधी फेलओव्हर म्हणजे काय ते सरळ भाषेत सांगतो. इंटरनेटवरचा फोन शेवटी कुठंतरी खऱ्या टेलिफोनच्या जाळ्यात उतरावा लागतो. जिथं उतरतो ते दार म्हणजे गेटवे. एक दार बंद पडलं तर कॉल आपोआप दुसऱ्या दारानं, तेही बंद असेल तर तिसऱ्या दारानं बाहेर पडावा, माणसानं हात लावायची गरज पडू नये, याला फेलओव्हर म्हणायचं. आपल्या ट्रकवाल्यांना हे मी सांगायला नको. संभाजीनगरला माल न्यायचा तर जुना रस्ता आहे आणि समृद्धी महामार्गही आहे. एक जाम असला तर दुसरा. पण तुमच्या फॅक्टरीच्या गेटमधून मेन रोडला येणारी गल्लीच जर खणून ठेवली असेल, तर पुढं दोन काय, दहा रस्ते असले तरी ट्रक गेटातच उभा.

आपल्याकडच्या फोनची अगदी हीच अवस्था आहे.

आत्ता बाहेर जा आणि तुमच्या गेटसमोरच्या खांबाकडे मान वर करून बघा. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलंय ना तुम्ही? एक मुख्य, एक बॅकअप. दोन्ही काळ्या वायरी त्याच खांबावरून येताना दिसतील. पुढच्या चौकात त्याच खड्ड्यातून जमिनीखाली गेलेल्या असतील. आत येताना एकाच छिद्रातून, एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचला, एकाच यूपीएसवर. जेसीबीवाल्याला मुख्य कुठली आणि बॅकअप कुठली हे कळत नाही. तो दोन्ही तोडतो. एका दणक्यात.

विक्रेता कागदावर लिहून देतो, "99.9 टक्के अपटाइम." ऐकायला भारी वाटतं. गणित करा. वर्षाचे तास 8760. त्यातले 0.1 टक्का म्हणजे पावणेनऊ तास फोन बंद, आणि तेही करारानुसार, तक्रार करता येणार नाही असे. मग तो पुढं सांगतो, दोन लाइन घ्या म्हणजे दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे वर्षाला जेमतेम अर्धा मिनिट. हे गणित बरोबर आहे, पण एका अटीवर : दोन्ही लाइनचा एकमेकींशी काहीच संबंध नसला पाहिजे. खांब एक, खड्डा एक, यूपीएस एक, तर अर्ध्या मिनिटाचे पुन्हा पावणेनऊ तास झाले. ही अट कोणी सांगत नाही. दोन लाइनचे पैसे मात्र दोनदा घेतात.

खोदकामाचं तर विचारूच नका. पाण्याची लाइन, ड्रेनेज, महावितरणची केबल, काँक्रीटचा रस्ता, आणि रस्ता झाल्यावर पुन्हा पाण्याची लाइन. यावर केंद्र सरकारनं उपाय काढलेला आहे. 22 मार्च 2023 ला पंतप्रधानांनी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खोदायच्या आधी ॲपवर जागा टाका, तिथं ज्यांच्या केबल-पाइप आहेत त्यांना सूचना जाते, ते येऊन सांगतात की इथं जपून. असं आंधळं खोदून देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, हा सरकारनंच त्या वेळी दिलेला अंदाज. आता प्रश्न साधा आहे. आपल्या एमआयडीसीत मागच्या वर्षभरात जेवढी खोदकामं झाली, त्यातल्या किती ठेकेदारांनी खोदण्याआधी या ॲपवर नोंद केली? एमआयडीसी कार्यालयानं वर्क ऑर्डरमध्ये ही अट घातली आहे का? घातली असेल तर दाखवा, मी जाहीर कौतुक करीन.

विजेचं पण तसंच. जुन्या तांब्याच्या फोनला वीज लागायची ती एक्स्चेंजमधून यायची, 48 व्होल्ट, बॅटरीवरची. कारखान्यात अंधार झाला तरी काट्यावरचा काळा फोन चालायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत आपण सगळ्यांनी हे अनुभवलंय. फायबरला वीज नसते. फायबरच्या टोकाचा डबा, राउटर, स्विच, गेटवे आणि टेबलावरचा फोन, या पाचही गोष्टींना तुमची वीज लागते. आणि आपल्याकडच्या विजेचं काय सांगावं! शेजारच्या मिलची इंडक्शन भट्टी लोडवर आली की आपल्या ऑफिसातला दिवा डोळा मारतो. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, सर्व्हरलाही असतो, आणि फायबरचा तो छोटा पांढरा डबा मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावलेला असतो. कारण तो बसवायला आलेल्या पोराला जवळ तेवढंच सॉकेट सापडलं.

बरं, हे झालं वायर आणि विजेचं, म्हणजे डोळ्यांना दिसणारं. खरी गंमत आत आहे.

गेटवे मेला आहे हे सिस्टिमला कळतं कसं? इंटरनेट फोनचं जे मूळ मानक 2002 साली ठरलं, त्याप्रमाणे तुमची सिस्टिम गेटवेला कॉल पाठवते आणि उत्तराची वाट बघते. काहीच उत्तर आलं नाही तर ती किती वेळ थांबते? 32 सेकंद. कंपनीतून आलेली सेटिंग बदलली नाही तर बहुतेक ठिकाणी हाच आकडा असतो. आता घड्याळ लावून 32 सेकंद कानाला फोन धरून गप्प उभे राहा. कोण थांबतं? आठव्या-दहाव्या सेकंदाला माणूस फोन ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा पहिलाच मेलेला गेटवे, पुन्हा सुरुवातीपासून मोजणी. दुसरा गेटवे शेजारीच ठणठणीत बसलाय, पण त्याच्यापर्यंत पाळी येतच नाही. सिस्टिमला विचाराल तर ती म्हणेल, फेलओव्हर आहे की!

यावर उपाय जुना आणि फुकटचा आहे. सिस्टिमनं दर काही सेकंदांनी प्रत्येक गेटवेची हजेरी घ्यायची. "आहेस का?" "आहे." उत्तर आलं नाही की त्याचं नाव यादीतून काढायचं, पुढचा कॉल थेट दुसऱ्याकडे. ॲस्टेरिस्कसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ही सोय आहे, एक ओळ लिहायचं काम. आणि वाट बघायची मुदत 32 वरून चार-पाच सेकंदांवर आणायची. दोन मिनिटांचं काम आहे हे. लाख-दीड लाख घेणाऱ्याला ते करायला वेळ मिळत नाही.

पण नुसती हजेरीही पुरत नाही. आपल्याकडे असे कामगार सगळ्यांनी पाहिलेत, सकाळी कार्ड पंच करतात आणि नंतर दिवसभर दिसत नाहीत. गेटवेचंही तसं होतं. डबा चालू आहे, हजेरीला "आहे" म्हणतो, पण त्याच्या मागची टेलिफोन कंपनीची लाइन मेलेली आहे. सिस्टिम त्याच्यावर विश्वास ठेवते आणि कॉल खड्ड्यात टाकत राहते. पूर्ण मेलेला गेटवे परवडला, हा अर्धमेला फार वाईट.

हे फक्त आपल्या गावठी जुगाडात होतं असं समजू नका. 8 नोव्हेंबर 2023 ला ऑस्ट्रेलियात ऑप्टस या मोठ्या कंपनीचं सगळं नेटवर्क झोपलं. एक कोटीच्या वर ग्राहक. तिथं नियम असा की आपल्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपोआप जायला पाहिजे. म्हणजे फेलओव्हरच. पण ऑप्टसचे काही टॉवर मागचं जाळं मेलेलं असतानाही हवेत सिग्नल सोडत राहिले. फोनला वाटलं, नेटवर्क आहे, मग दुसरीकडे कशाला जायचं? 2145 लोकांचे आपत्कालीन कॉल त्या दिवशी लागले नाहीत. कार्ड पंच करून गायब झालेला कामगार, दुसरं काय!

आता मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते ते सांगतो. "साहेब, इंटरनेट गेलं तरी काळजी नको, तुमची जुनी लँडलाइन बॅकअपला ठेवलीय." हे वाक्य एमआयडीसीत अनेकांनी ऐकलं असेल. कल्पना उत्तम आहे. लँडलाइन वेगळ्या मार्गानं येते, म्हणजे खरा पर्याय. फक्त एक गोष्ट आठवा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. त्याच्या आधी बसवलेल्या गेटवेमध्ये शून्य लावायचा नियम लिहिलेला नाही. मुख्य लाइनवर काही बिघडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बोंबाबोंब झाली असती आणि दुरुस्त झालं असतं. बॅकअप लाइनवर रोज कोणी बोलतच नाही, त्यामुळे तिथला नियम जुना तो जुनाच. आणि मग ज्या दिवशी इंटरनेट जातं, त्या दिवशी सगळे कॉल लँडलाइनवर जातात आणि प्रत्येक कॉलला एक बाई सांगते, शून्य लावा.

यातली मेख अजून पुढं आहे. साध्या लँडलाइनचा गेटवे लाइन उचलली की सिस्टिमला लगेच कळवून टाकतो, "कॉल लागला." पलीकडे माणूस आहे, बाई आहे की नुसती टूंऽऽ टूंऽऽ, हे त्याला कळत नाही. सिस्टिमच्या लेखी कॉल यशस्वी. मग ती तिसरा गेटवे कशाला शोधेल? आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट येतो, शंभर टक्के कॉल यशस्वी! मालक खूश, विक्रेता खूश. फोन कोणालाच लागलेला नसतो.

याच्या उलटही होतं. समोरच्याचा फोन व्यस्त आहे. तो व्यस्तच राहणार, तुम्ही कुठल्याही दारानं जा. पण नियम लिहिणाऱ्यानं "कॉल लागला नाही की पुढचा गेटवे" एवढंच लिहून ठेवलं, म्हणून सिस्टिम त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला तीन वेगवेगळ्या नंबरांवरून लागोपाठ फोन मारते. दोन-चार दिवसांत तुमचा नंबर त्याच्या ट्रूकॉलरवर लाल. मग म्हणतात, "पार्टी फोन उचलत नाही." गेटवे बंद असणं वेगळं, समोरचा व्यस्त असणं वेगळं, नंबर चुकीचा असणं वेगळं. यातल्या फक्त पहिल्यासाठी दुसरं दार उघडायचं. पाचवीतल्या मुलाला कळेल असा फरक आहे.

येणाऱ्या कॉलचं तर कोणी बोलतच नाही. तुमच्या आवारात तुम्ही दहा गेटवे लावा, तुमचा 02482 चा नंबर ज्या लाइनवर येतो ती तुटली की बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. तो नंबर दुसरीकडे वळवायचं काम टेलिफोन कंपनीच्या टोकाला करावं लागतं, आधीच, लेखी. "फेलओव्हर आहे" असं सांगणाऱ्याला विचारा, जाणाऱ्या कॉलचा की येणाऱ्याही? बघा चेहरा कसा होतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, मोबाइल आहेत की सगळ्यांकडे. ऑर्डर गेली तर गेली. शेठचं नुकसान शेठ बघून घेईल.

ऑर्डरचा प्रश्न असता तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती.

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच एमआयडीसीत एका स्टील कारखान्यात स्फोट झाला, वीसहून अधिक कामगार जखमी झाले. वितळलेलं लोखंड अंगावर उडणं म्हणजे काय, हे जालन्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशी फोन लागले की नाही यावर मी काही बोलत नाही, मला तो दावा करायचा नाही. मी पुढच्या वेळेबद्दल बोलतोय. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या खिशात मोबाइल नसतो, नसावाही. परप्रांतातून आलेला पोरगा, त्याला मराठी धड येत नाही, रात्रीचे अडीच वाजलेत, सुपरवायझर जखमींमध्येच आहे. तो पळत जातो भिंतीवरच्या फोनकडे आणि 101 लावतो.

आता ऐका. ज्या कंपन्यांचं मुख्य ऑफिस पुण्या-मुंबईत आहे, त्यांची टेलिफोन सिस्टिमही बऱ्याचदा तिथंच असते. जालन्यातला कॉल इंटरनेटवरून आधी पुण्याला जातो आणि तिथल्या गेटवेमधून बाहेर पडतो, 020 च्या नंबरानं. 101 हा त्या-त्या गावचा नंबर आहे. पुण्याच्या दारातून बाहेर पडलेला 101 जालन्याच्या अग्निशमन दलाकडे येणार नाही. एकतर तो पुण्यात लागेल, नाहीतर लागणारच नाही. तो पोरगा ओरडून सांगेल "फेज टू, फेज टू", आणि पलीकडचा भला माणूस विचारेल, कुठलं फेज टू? 112 राज्यासाठी एकच असला तरी तिथल्या पडद्यावर नंबराचा पत्ता दिसणार पुण्याचाच. आणि गंमत म्हणजे इथं सगळे गेटवे चालू आहेत, फेलओव्हरही चालू आहे. एखादवेळी जालन्याची लाइन दोन सेकंद अडखळली म्हणून सिस्टिमनं हुशारी करून कॉल पुण्याला वळवला असेल. हुशारीच नडली.

म्हणून हा नियम प्रत्येक कारखान्यात लिहिलेला हवा : 101, 108, 112 हे कॉल आधी जालन्याच्याच लाइनवरून जातील, ती बंद असेल तर गेटवरच्या केबिनमध्ये जो मोबाइल जोडलेला गेटवे आहे त्यावरून जातील, आणि काही झालं तरी परगावच्या गेटवेकडे जाणार नाहीत. त्याशिवाय अग्निशमन दलाचा स्थानिक पूर्ण नंबर प्रत्येक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. याला किती खर्च येतो? सिस्टिममध्ये चार ओळी आणि एक लॅमिनेशन.

मोबाइल गेटवे म्हटलं की दुसरा धंदा आठवतो, त्याबद्दलही सावध करतो. चार, आठ, सोळा सिम घालायचा डबा घेऊन लोक फिरतात. "सेठ, इसमें सिम डालो, बॅकअप भी हो गया, बिल भी कम." तुमच्याच कंपनीच्या नावावरची सिम, तुमच्याच आवारात, तुमच्याच माणसांचे कॉल, यासाठीसुद्धा आधी मोबाइल कंपनीकडून लेखी घ्या. पण काही जण पुढची ऑफर देतात : "डबा तुमच्याकडे राहू द्या, नेट तुमचं, महिन्याला भाडं आम्ही देऊ, आमचे थोडे कॉल यातून जातील." इथं हात जोडून त्याला गेटबाहेर काढा. जून 2017 मध्ये आपल्या मराठवाड्यातच, लातूरला, एटीएसनं असंच अनधिकृत टेलिफोन एक्स्चेंज पकडलं होतं. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल इथल्या सिममधून लोकल म्हणून सोडायचे, हा तो धंदा. 2024 मध्ये पुण्यात कोंढव्यालाही तेच, तिथं तर हजारोंनी सिम सापडली. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय अशी सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पोलीस दाराशी येतात तेव्हा डबा ज्याच्या भिंतीवर, पहिला प्रश्न त्याला. भाड्यानं दिला होता हे कोर्टात सांगत बसा.

आणि "बिल कमी होईल" हे तर निव्वळ थापेबाजी आहे. एसटीडीचे दर मिनिटाला मोजायचे, कुठल्या गेटवेनं गेलं की स्वस्त पडेल हे बघायचं, तो जमाना होता. 1 जानेवारी 2021 पासून एका कंपनीनं दुसरीला कॉलमागे द्यायचं शुल्कसुद्धा शून्य झालंय. देशातल्या देशात कॉल कुठल्या दारानं गेला यानं आता फारसा फरक पडत नाही. आज दोन दारं ठेवायची ती एकाच कारणासाठी : एक बंद पडलं तर दुसरं उघडं असावं.

कोणी म्हणतं, बॅकअपला फोर-जी डोंगल लावलाय, वायरच नाही तर तुटणार काय? बरोबर आहे. जेसीबीपासून वाचलात. पण आपल्या जिल्ह्याला हे सांगू नका. 26 फेब्रुवारी 2024 आठवतोय? मराठा आरक्षण आंदोलनाच्या त्या तणावात अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, संभाजीनगर, बीड या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद केलं गेलं. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर इथं वाद घालत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण अशा दिवशी डोंगल म्हणजे नुसतं प्लास्टिक. इंटरनेटवर चालणारा बॅकअप इंटरनेट बंद झाल्यावर काय कामाचा? अशा आदेशात साधा व्हॉइस कॉल सहसा चालू राहतो. म्हणून तीन दारांपैकी निदान एक दार असं पाहिजे जे इंटरनेटवर अजिबात अवलंबून नाही : साधी लँडलाइन किंवा साधा व्हॉइस सिम. जालन्यात राहून हे लक्षात न ठेवणारा सल्लागार परगावचाच असणार.

वेगाच्या नावानंही फसवतात. "200 एमबीपीएस घ्या, आवाज क्लिअर येईल." एका कॉलला जाताना-येताना नव्वद केबीपीएससुद्धा लागत नाहीत. एकाच वेळी दहा जण बोलले तरी एक एमबीपीएस भरत नाही. आवाज तुटतो तो वेगामुळे नाही, उशिरामुळे. बोललेलं पलीकडे 150 मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण नीट होतं. तुमचे बत्तीस सीसीटीव्ही कॅमेरे त्याच लाइनवरून दिवसभर व्हिडिओ वर चढवत असतील, तर फोनचा आवाज मागं रांगेत उभा राहणार. राउटरमध्ये आवाजाला पुढं सोडायचा नियम लिहा. 200 चे 500 करून काही होणार नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं कळायला इंजिनिअर लागत नाही. एकच गोष्ट लागते, वायर काढून बघणं. ब्रिटनमध्ये आपत्कालीन 999 नंबर बीटी ही कंपनी सांभाळते. शंभर वर्षांचा अनुभव, पैशाला तोटा नाही. 25 जून 2023 ला, रविवारी, त्यांची मुख्य सिस्टिम बिघडली. पर्यायी सिस्टिम तयार होती. त्यांनी तिच्यावर जायचा प्रयत्न केला आणि पहिला प्रयत्न फसला, कारण सूचना नीट लिहिलेल्या नव्हत्या आणि माणसांना ती पद्धत नीट माहीत नव्हती. साडेदहा तास गोंधळ, जवळजवळ 14 हजार कॉल लागले नाहीत. तिथल्या नियामकानं बीटीला पावणेदोन कोटी पौंड दंड ठोकला. बीटीची ही गत, तर आपल्या रॅकमधला धूळ खाणारा दुसरा डबा वेळेला चालेल असं कशावरून धरून चालायचं?

म्हणून मालकांना सांगतो. पुढच्या वेळी हा विक्रेता बिल घेऊन आला की त्याला चहा द्या आणि रॅकसमोर उभं करा. पहिल्या इंटरनेटची वायर काढा. मोबाइलला कॉल लावा, घड्याळ बघा, किती सेकंदांत लागला ते कागदावर लिहा. मग दुसरीही काढा. आता लँडलाइनवरून जायला पाहिजे. शून्याचं काय होतं ते ऐका. मग वायरी जागेवर लावून मेन स्विच पाडा आणि यूपीएसवर किती मिनिटं फोन चालतो ते मोजा. आणि शेवटी अग्निशमन दलाला आधी कळवून, त्यांच्या परवानगीनं, भट्टीजवळच्या फोनवरून 101 लावून बघा आणि कॉल कुठं लागतो ते स्वतःच्या कानांनी ऐका. कागदावर त्याची सही घ्या. मग चेक फाडा. डिस्पॅचची वेळ आहे, आज नको, असं कोणी म्हणालं तर रविवारी बोलवा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी हेच, त्याच्याशिवाय, आपल्याच माणसाकडून.

उद्योजक संघटनेला आणि एमआयडीसी कार्यालयाला माझ्या तीन मागण्या आहेत. वसाहतीतल्या सगळ्या केबल आणि डक्टचा नकाशा उद्योजकांना बघायला मिळाला पाहिजे, म्हणजे दोन लाइन घेताना त्या खरंच दोन आहेत की नाहीत हे कळेल. प्रत्येक खोदकामाच्या वर्क ऑर्डरमध्ये त्या ॲपवरच्या नोंदीची अट पाहिजे, आणि नोंद न करता तोडलं तर जोडायचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून. आणि तिसरी मागणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावी. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कारखान्या-कारखान्यांत शपथा होतात, बॅनर लागतात, मॉक ड्रिल होतं. पिवळी हेल्मेटं घालून फोटो निघतात, स्ट्रेचरवर एक हसणारा जखमी असतो. त्या ड्रिलमध्ये ॲम्ब्युलन्सला आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून ती पाच मिनिटांत येते. येत्या 4 मार्चला निरीक्षक साहेबांनी एवढंच करावं : ड्रिल सुरू व्हायच्या आधी इंटरनेटची वायर स्वतःच्या हातानं काढावी, आणि रात्रपाळीतल्या सगळ्यात नवीन पोराला सांगावं की जा, भिंतीवरचा फोन उचल आणि मदत बोलव.